तळ्याचे वामनराव जोशी

वसंत व्याख्यानमालेत बोलण्याचे बोलावणे आले तेव्हा आम्ही कामगारांच्या प्रश्नावर बोलावे अशी चालकांची अपेक्षा होती. पत्रात विषयही तसाच सुचविला होता. आम्ही उलट टपाली कळविले की, त्या विषयावर आम्ही बारा महिने तेरा काळ बोलतच असतो आणि ऐकणारेही बहुतेक ठरलेले असतात. एक संध्याकाळ आम्हांला वामन मल्हार जोशी यांच्यावर बोलू द्या. पेणच्या मंडळींनी मान्य केले, आणि पेणला झालेले पाहून रोहेकरांनीही तोच विषय मागितला. दोन्ही ठिकाणी जे बोललो ते एकत्र करून येथे लिहिले आहे. श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आम्हांला घरी आल्यावरही सोडीनात, म्हणून त्यांची उत्तरेही यात आली आहेत.

प्रथम आमचा अधिकार किती ते सांगून टाकतो. आम्ही पदवीधर नव्हे. दहावी झाल्यावर धाटावच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो ते आजतागायत. वाचनाची गोडी रातपाळीने लावली. जी पुस्तके हाती आली ती कोणी सांगितली म्हणून आली नाहीत. वाचनालयाच्या कपाटात ज्यांना कोणी हात लावीत नसे ती सहज मिळत, इतकेच. अशा न हाललेल्या पुस्तकांत ‘रागिणी’ होती. तिचे पुठ्ठे सुटले होते आणि शेवटी डकविलेल्या कागदावर पूर्वीच्या वाचकांच्या तारखा फार विरळ होत्या.

त्या वेळी हा लेखक आपल्याच रानातला आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. वामनरावांचा जन्म २१ जानेवारी १८८२ रोजी तळे येथे झाला. हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आता तळा हाच स्वतंत्र तालुका आहे आणि कुलाब्याचाही १९८१ पासून रायगड झाला आहे. गावावर तळगडाची सावली आहे. थोड्या अंतरावर कुड्याची लेणी आहेत, जेथे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू राहिले. रोह्यात कोणालाही विचारा, इथली मोठी माणसे कोण? पहिले नाव चिंतामणराव देशमुखांचे येईल, दुसरे पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे. पेणकर गागोद्याच्या विनोबांचे नाव घेतील. तिघेही थोर, त्यात वाद नाही. पण वामनरावांचे नाव तिसरे-चौथे सोडाच, पुष्कळदा येतच नाही. आणि आले तर शाळेत धडा होता बहुधा, असे म्हणून माणूस पुढे सरकतो.

नगर आणि पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. डेक्कन कॉलेजातून ते १९०४ साली बी. ए. झाले आणि १९०६ साली तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. झालेला तरुण म्हणजे सरकारी खात्यात चांगली जागा, बंगला आणि शेवटी पेन्शन, हा मार्ग सरळ होता. आईबापांची आणि गावाचीही तीच अपेक्षा असे. वामनराव त्या वाटेने गेले नाहीत. ते कोल्हापूरला प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्याकडे गेले. विजापूरकर हे स्वभाषेतून शिक्षण, स्वदेशी आणि राष्ट्रीय शाळा या तिन्हींचे वेड घेतलेले गृहस्थ. त्यांनी समर्थ विद्यालय चालविले आणि ‘विश्ववृत्त’ नावाचे मासिक काढले. शाळेत शिकविणे आणि मासिकाच्या कामात मदत करणे हा वामनरावांचा उद्योग झाला.

येथे १९०८ साल येते. या सालावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण वामनरावांचे चरित्र सांगणारे बहुतेक लोक येथून दोन वाक्यांत निघून जातात आणि लगेच कादंबऱ्यांकडे वळतात.

‘विश्ववृत्ता’त ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ नावाचा एक लेख छापून आला. लेखक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांतील प्रार्थना दुबळ्याच्या रडगाण्यासारख्या नाहीत. त्यांत शत्रूला जिंकण्याचे बळ मागितलेले आहे, असा त्या लेखाचा रोख. आज तो लेख कोणी वाचला तर त्यात सरकार कोठे आहे हे शोधावे लागेल. पण ते वर्ष १९०८ होते. मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला होता. मुंबईत ‘केसरी’च्या अग्रलेखांवरून लोकमान्यांना पकडले होते. सरकारला वेदमंत्रांतही बॉम्बचा वास येऊ लागला. राजद्रोहाचा खटला कोल्हापुरात उभा राहिला. लेखक दूर हैदराबादेस होता. विजापूरकर संपादक म्हणून, वामनराव सहकारी म्हणून आणि जोशीराव हे मुद्रक म्हणून, असे तिघे आरोपी झाले. तिघांनाही तीन-तीन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली.

सव्वीस वर्षांचा, तत्त्वज्ञानाचा एम. ए., चष्म्याआडून पुस्तक वाचणारा माणूस. दुसऱ्याने लिहिलेल्या लेखाबद्दल तो तीन वर्षे सक्तमजुरीस गेला. लेख माझा नव्हे, मी केवळ सहकारी, असे म्हणून अंग काढून घेण्याची वाट अशा माणसाला सुचली नसेल असे आम्हांला वाटत नाही. तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला ती सर्वांच्या आधी सुचते. त्या वाटेने ते गेले नाहीत एवढे खरे.

आणि तिसरा आरोपी? पेणला आम्ही हा प्रश्न सभेला विचारला. विजापूरकरांचे नाव काहींना माहीत होते, सातवळेकरांचे पुष्कळांना. शंभरी गाठलेले वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांना सारा देश ओळखतो. मुद्रक जोशीरावांचे नाव सभेत एकालाही माहीत नव्हते. ज्याने लेख लिहिला नाही, निवडला नाही, फक्त तो ज्या छापखान्यातून बाहेर पडला त्याचे नाव ज्याचे होते, त्यानेही तेवढीच तीन वर्षे काढली. इतिहासात मुद्रकाला शेवटची ओळ मिळते. आमच्या धंद्यात आम्हांला ही गोष्ट नित्य दिसते. कराराचे कागद काढा. त्यांवर पुढाऱ्यांच्या सह्या असतात, आणि ज्यांची नोकरी त्या भानगडीत गेली त्यांची नावे कोठेच नसतात. म्हणून जोशीरावांचे नाव आम्ही दोन्ही सभांत दोनदा उच्चारले आणि येथेही मुद्दाम लिहीत आहोत.

त्याच वर्षी, २२ जुलैच्या रात्री, मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सांगण्यात आली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस, असा हिशेब लोकांनी मांडला. लष्कर रस्त्यावर आले, गोळ्या चालल्या, माणसे मेली. दूर युरोपात परागंदा होऊन बसलेल्या लेनिनने या संपाची दखल घेऊन लिहिले. त्या गिरण्यांत कोकणातले लोक किती होते हे पेण-रोह्याच्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे परळ-लालबागच्या खोल्यांतून राहिलेले आहेत. एकीकडे तळ्याचा एम. ए. तुरुंगात जात होता आणि दुसरीकडे त्याच मुलखातून पोटासाठी मुंबईला गेलेले निरक्षर लोक साच्यांपासून बाजूला होत होते. या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत. वामनरावांच्या पुढच्या लिखाणातही त्या फारशा भेटत नाहीत, हे आमचे गाऱ्हाणे आहे. त्याकडे पुढे येऊ.

सुटून आल्यावर काही काळ ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांच्याकडे काम करून ते शेवटी महर्षी कर्व्यांच्या संस्थेत गेले. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले होते. मुलींना उच्च शिक्षण मिळावे, आणि तेही त्यांच्या मातृभाषेतून, हा त्यांचा हट्ट होता. १९२० साली ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळून त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले, तोवर तर ते विद्यापीठ म्हणजे पुष्कळांच्या थट्टेचा विषय होता. ज्याच्या पदव्यांना सरकार विचारीत नाही अशा विद्यापीठात शिकवायला जाणे म्हणजे दुसऱ्यांदा चांगल्या नोकरीवर पाणी सोडणे होते. वामनराव तेथे प्राध्यापक झाले. विद्यार्थिनींना तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र मराठीतून सांगायचे तर पुस्तके कोठे होती? ती त्यांनी स्वतः लिहिली. ‘नीतिशास्त्रप्रवेश’ हा त्यांचा ग्रंथ असा जन्मला, आणि ‘सॉक्रेटिसाचे संवाद’ही आले. मातृभाषेतून शिकवावे असे भाषणात म्हणणारे पुष्कळ असतात. त्यासाठी शब्द घडवीत बसणारे थोडे.

आता कादंबऱ्या. ‘रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद’ प्रथम ‘मासिक मनोरंजना’तून क्रमशः आली आणि १९१५ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे लोक त्यांना ‘रागिणीकार’ म्हणूनच ओळखू लागले. त्यानंतर ‘आश्रमहरिणी’ १९१६ साली, ‘नलिनी’ १९२० साली, ‘सुशीलेचा देव’ १९३० साली आणि ‘इंदू काळे व सरला भोळे’ १९३४ साली. उण्यापुऱ्या वीस वर्षांत पाच कादंबऱ्या. त्या काळच्या लोकप्रिय कादंबरीकारांच्या मानाने ही संख्या काहीच नव्हे.

खरे सांगायचे तर ‘रागिणी’ची पहिली पन्नास पाने आम्हांला कंटाळवाणी वाटली. माणसे बसतात आणि बोलतात. चहा होतो, पुन्हा बोलतात. स्त्रियांना हक्क असावेत की नसावेत, संन्यास थोर की संसार, काव्याचा हेतू काय. आम्हांला त्या वयात मारामारीच्या आणि रहस्याच्या गोष्टींची सवय. दोनदा पुस्तक बाजूला ठेवले. पण रात्री दोन ते चार ही वेळ बॉयलरजवळ फार लांब असते. तिसऱ्यांदा उघडले आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. या पुस्तकात उत्तरा नावाची स्त्री वाद करते आणि तिला कोणी गप्प बसवीत नाही. तिचे म्हणणे पुरते ऐकून घेतात आणि मगच उत्तर देतात. रागिणीची वृत्ती वेगळी, उत्तरेची वेगळी, आणि लेखक एकीला शहाणी ठरविण्यासाठी दुसरीला मूर्ख करीत नाही. आमच्या घरात काय, कारखान्यात काय, समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकलेले आम्ही तोवर पाहिलेच नव्हते. साहेब बोलत असे आणि आम्ही ऐकत असू; युनियनमध्ये आल्यावर आम्ही बोलू लागलो आणि साहेब ऐकेनासा झाला. एवढाच फरक.

टीकाकार म्हणतात की, वामनरावांच्या कादंबऱ्यांत कथानक चर्चेच्या ओझ्याखाली दबून जाते. म्हणणे बरोबर आहे. ‘आश्रमहरिणी’ लहान असल्यामुळे त्यातून सुटली आहे. ऋषींच्या आश्रमाचे वातावरण घेऊन त्यांनी तीत विधवाविवाहाचा प्रश्न मांडला, आणि जे शहरातल्या दिवाणखान्यात सांगितले असते तर लोक खवळले असते ते पर्णकुटीत नेऊन सांगितले. आमच्या मते ती त्यांची सर्वांत बांधेसूद कथा. ‘नलिनी’विषयी आम्हांला फारसे सांगण्यासारखे नाही. ‘इंदू काळे व सरला भोळे’ सगळी पत्रांतून लिहिली आहे; कला मोठी की नीती, हा त्या वेळी मराठी साहित्यात गाजत असलेला वाद तीत माणसांच्या संसारात शिरतो. वामनराव स्वतः त्या वादात होते. नुसत्या रंजनाने त्यांचे समाधान होत नसे आणि नुसत्या उपदेशानेही होत नसे. विचारालाही स्वतःचे सौंदर्य असते असे त्यांचे म्हणणे, आणि ‘विचारसौंदर्य’ हेच नाव त्यांनी आपल्या लेखसंग्रहाला दिले.

पेणच्या सभेत ‘सुशीलेचा देव’ या कादंबरीवर आम्हांला अधिक बोलावे लागले, आणि का ते पेणकरांना कळेल. या कादंबरीत सुशीला नावाच्या मुलीची देवाविषयीची कल्पना वयाबरोबर आणि ठेचांबरोबर बदलत जाते. लहानपणीचा देव मूर्तीतला असतो, मागितले की देणारा. तो टिकत नाही. मग दुसरा येतो, तोही पुरत नाही. असे करीत ती माणसांची सेवा आणि उच्च ध्येय यांतच देव पाहण्यापर्यंत येते. हे सांगून आम्ही क्षणभर थांबलो, कारण समोर बसलेल्यांपैकी निदान निम्म्यांची चूल गणपतीच्या कारखान्यांवर चालते. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे. घरोघर साचे, माती, रंग. सभेनंतर एक मध्यमवयीन बाई पुढे आल्या. त्या आखणीचे काम करणाऱ्या, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या त्या सुशीलेला मूर्तीतला देव सोडायला अर्धा जन्म लागला. आम्ही रोज शंभर डोळे काढतो. रंगाचा हात फिरेपर्यंत तो माल असतो, गिऱ्हाईक घेऊन गेले की देव होतो. यात सोडायचे काय नि धरायचे काय?” आम्हांला उत्तर सुचले नाही. वामनराव असते तर त्यांनी त्या बाईंना बसवून घेतले असते आणि आणखी चार प्रश्न विचारले असते. आम्ही मात्र त्यांना हंगामात रोज किती तास बसावे लागते ते विचारले. ज्याची त्याची खोड.

ती कादंबरी निघाली त्या १९३० साली वामनराव मडगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पोर्तुगिजांच्या अमलाखालील गोव्यात मराठीचे संमेलन भरावे आणि अध्यक्ष एकेकाळचा राजद्रोहाचा कैदी असावा, ही गोष्ट लहान नव्हे. पण आमची नजर त्या वर्षी त्यांच्या जन्मजिल्ह्यात काय चालले होते इकडे जाते. एप्रिलमध्ये गांधींनी दांडीला मीठ उचलले. मीठ म्हणजे पेणच्या खाजणातल्या आगरांचे रोजचे काम, त्यामुळे ही चळवळ येथे पुस्तकातून आली नाही. २५ सप्टेंबर रोजी उरणजवळ चिरनेरच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. त्याच्या तीन वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. आणि पुढे तीन वर्षांनी, १९३३ साली, अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांची जमीन कसणार नाही असे ठरविले आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली तो संप १९३९ पर्यंत चालविला. शेतकऱ्यांचा इतका लांब संप या देशात दुसरा झाला असेल असे आम्हांला वाटत नाही. सहा वर्षे जमीन पड ठेवायची आणि रानातली लाकडे, खाडीतली मासळी यांवर मुले जगवायची. आमच्याकडे सहा आठवडे संप चालला की सातव्या आठवड्यात माणसे आमच्या दारात येऊन बसतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही.

यातले काय वामनरावांच्या कादंबऱ्यांत आले? रोह्याला एका तरुण शिक्षकांनी हेच टोकून विचारले, “त्यांच्या पुस्तकात आपला गाव कोठे आहे? कुंडलिका कोठे आहे? मग ते आपले कसे?” प्रश्न रास्त आहे. वामनरावांची मुख्य माणसे पांढरपेशी, शिकलेली, पुण्या-मुंबईच्या वळणाची. भाताचे वाफे, खारेपाट, कातकऱ्याचे खोपट, आगऱ्याची बोली ही त्यांच्या कथेचा विषय झाली नाहीत. ज्याला प्रादेशिक कादंबरी म्हणतात ती त्यांची नव्हे. ती पाहायची तर खोपोलीच्या बाजूला जावे लागते. र. वा. दिघे हे धंद्याने वकील. ते घाटाच्या पायथ्याशी राहिले आणि त्यांनी ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘पड रे पाण्या’ या कादंबऱ्यांतून शेतकऱ्याला, आदिवासीला, पावसाला आणि जमिनीला कथेचे नायक केले. तिकडे दक्षिणेस श्री. ना. पेंडशांनी हर्णै-दापोलीचा मुलूख उभा केला. आणि ते स्वतः मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करीत होते, हे आम्ही आमच्या वाहतूक कामगार मित्रांना अभिमानाने सांगतो. दिघे वाचताना चिखलाचा वास येतो. वामनराव वाचताना येत नाही.

तरीही आम्ही त्या शिक्षकांना म्हणालो की, वामनरावांना सोडून देऊ नका. पुस्तकात गाव असणे ही एक ओळख झाली. पण ज्याचे पुस्तक गावातल्या माणसाच्या उपयोगी पडते त्याच्यावरही गावाचा हक्क चालतो. आमच्या उपयोगी ते कसे पडले हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आमच्या उमेदीच्या वर्षांत एका कारखान्यात दीड महिना काम बंद होते. कारखान्याचे नाव येथे सांगत नाही. त्यात नवे काही नाही. कंत्राटी माणसांना कायम करावे ही मुख्य मागणी होती. पाचव्या आठवड्यात मालकाने देऊ केले ते असे: वाढ देतो, बोनस देतो, कंत्राटी माणसांचा विषय सोडा. कायम कामगारांपैकी पुष्कळांचा जीव त्या वाढीत अडकला. आमचाही अडकला, घरी मूल लहान होते. त्या रात्री आम्ही एक उद्योग केला. वहीच्या एका पानावर मालकाची बाजू लिहिली, आणि ती अशी लिहिली की मालकालाही आपली वाटावी. दुसऱ्यावर कायम कामगारांची. तिसऱ्यावर कंत्राटी माणसांची. ही रीत आम्ही कोठे शिकलो? कोणत्याही अभ्यासवर्गात शिकलो नव्हतो. उत्तरेचे म्हणणे पुरते मांडून मग रागिणीचे मांडणारा जो लेखक, त्याच्याकडून ती आली होती. पाने लिहून झाल्यावर तिसऱ्या पानावरचे म्हणणे सर्वांत थोड्या ओळींचे निघाले आणि त्यालाच उत्तर सापडेना. दुसऱ्या दिवशी गेटसभेत आम्ही तिन्ही पाने वाचून दाखविली. मालकाची बाजू वाचताना आरडाओरडा झाला, कोणीतरी आम्ही फुटलो असेही म्हणाले. मग तिसरे पान वाचले. संप आणखी दहा दिवस चालला आणि कंत्राटी माणसांपैकी सर्व नाहीत, पण काही कायम झाली. जी झाली नाहीत त्यांतली दोन-तीन आजही रोह्याच्या बाजारात भेटतात आणि नमस्कार करून पुढे जातात. तो नमस्कार आम्हांला जड जातो.

वामनरावांविषयी एक आक्षेप फार जुना आहे. हा माणूस नेहमी दोन्ही बाजू सांगतो. हेही खरे, तेही खरे, आणि शेवटी वाचकाला रस्त्यावर सोडून देतो. त्यांना संशयवादी म्हणणारे पुष्कळ झाले. आम्ही चळवळीतली माणसे अशा माणसाला भितो. चळवळीला ठाम माणूस लागतो, फाटे फोडणारा नको, असे आम्हीही कित्येकदा बोललो आहोत. पण त्यांचे आयुष्य पाहिले तर काय दिसते? नोकरीच्या वेळी त्यांनी विजापूरकरांची शाळा घेतली. खटल्याच्या वेळी तुरुंग घेतला. सुटल्यावर थट्टेचा विषय झालेले स्त्रियांचे विद्यापीठ घेतले. तिन्ही वेळा निर्णय करायचा होता आणि तिन्ही वेळा नुकसानीच्या बाजूने झाला. कागदावर शंका घेणारा माणूस वागताना डळमळला नाही. आम्ही उलट जातीची माणसे फार पाहिली. व्यासपीठावर त्यांना कसलीच शंका नसते, आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत, दार लागल्यावर, त्यांना एकाएकी दोन्ही बाजू दिसू लागतात.

सॉक्रेटिसाला मराठीत आणण्याची बुद्धी त्यांना का झाली असावी हे यावरून थोडे कळते. तो अथेन्सचा म्हाताराही जन्मभर प्रश्नच विचारीत राहिला आणि आपल्याला काही ठाऊक नाही असे सांगत राहिला. पण तुरुंगातून पळून जाण्याची सोय मित्रांनी केली तेव्हा तो पळाला नाही. तीन वर्षे सक्तमजुरी भोगून आलेल्या माणसाने हे संवाद मराठी करताना काय मनात आणले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे.

१९३६ साली विद्यापीठाचे ठाणे मुंबईस हलले. वामनरावांच्या आठवणी ‘स्मृतिलहरी’ या नावाने १९४२ साली निघाल्या. २० जुलै १९४३ रोजी ते वारले. तेव्हा बेचाळीसची धरपकड झालेली होती, देशातले बहुतेक पुढारी तुरुंगात होते, आणि वर्तमानपत्रे युद्धाच्या आणि बंगालच्या दुष्काळाच्या बातम्यांनी भरलेली होती. एका वृद्ध प्राध्यापकाच्या मृत्यूला त्या गर्दीत किती जागा मिळणार?

रोह्याच्या सभेनंतर वाचनालयाच्या चिटणीसांनी आम्हांला कपाट उघडून दाखविले. आमची ती ‘रागिणी’ अजून तेथेच आहे. कोणीतरी तिला नवे पुठ्ठे घातले आहेत. मागच्या कागदावर आमची तारीख आहे, तिच्याखाली पुष्कळ वर्षांनी एक तारीख आहे आणि मग काही नाही. ‘सुशीलेचा देव’ कपाटात नव्हती. चिटणीस म्हणाले, पेणहून एक बाई गेल्या आठवड्यात आल्या होत्या, सभासद नव्हत्या, अनामत ठेवून घेऊन गेल्या. गौरी-गणपतीनंतर परत आणून देते म्हणाल्या. तोवर हात रिकामा नाही.